पाकीट न फोडण्याचे शास्त्र

'जी. आय. जो' या खेळण्यातला सैनिक पावणेचार इंचांचा, त्याच्या पाठचा पुठ्ठा वीतभर. नवशिका सैनिकाकडे बघतो, जाणकार आधी पुठ्ठ्याचे कोपरे तपासतो. आमचे सिडकोतले साडू जाणकार आहेत. त्यांचा अनुभव आणि मेहुणीच्या तक्रारी यांच्या आधारे पुढील मार्गदर्शन सिद्ध केले आहे.

नियम पहिला. फोडू नये. मराठी माणसाला हे शिकवावं लागत नाही. आपल्या घरात टीव्हीचा रिमोट पन्नीतच म्हातारा होतो.

नियम दुसरा. रिकाम्या खोक्याला हसू नये. 1977 साली 'स्टार वॉर्स' तुफान चालला, पण केनर कंपनीच्या बाहुल्या नाताळापर्यंत तयार होईनात. कंपनीने पुठ्ठ्याचं पाकीटच विकायला काढलं. आत बाहुल्या मागाहून पाठवण्याची हमी. लोकांनी पैसे मोजून ते घेतलं. साडू ही कथा सत्यनारायणाच्या थाटात सांगतात. प्रसाद मात्र नसतो.

नियम तिसरा. छापील सूचना पाळू नयेत. 'जी. आय. जो'च्या पुठ्ठ्याच्या मागे सैनिकाची कुंडली असते: टोपणनाव, जन्मगाव, हुद्दा, स्वभाव. बहुतेक मजकूर लेखक लॅरी हामा यांचा, आणि भोवती कापायची रेघ! पुठ्ठ्याचा घात पुठ्ठ्यावरच छापलेला. आपल्याकडे हे सैनिक 'फनस्कूल' कंपनीने काढले. काहींचे रंग अमेरिकेतल्यापेक्षा निराळे निघाले, म्हणून आज परदेशी संग्राहक त्यांच्या मागे असतात. तेव्हाच्या पोरांनी मात्र गुलमंडीच्या बाजारातून घरी पोचायच्या आत पुठ्ठा फाडलेला असायचा. शहाणी पोरं.

नियम चौथा. जागा. माळ्यावर नको, मे महिन्यात आपल्या गावाची भट्टी होते, डिंक सुटतो. उजेडात नको, प्लॅस्टिकचा फुगा पिवळा पडतो. भिंतीला टेकवून नको, पावसाळ्यात ओल. एकावर एक तर मुळीच नको, फुगे चेपतात. राहिला कपाटातला मधला, कोरडा, अंधारा कप्पा. तिथे मेहुणीच्या पैठण्या आहेत. वाटाघाटी चालू आहेत.

मेहुणीचं म्हणणं असं की, पैठणीसुद्धा नुसती ठेवून टिकत नाही, अधूनमधून काढून घडी बदलावी लागते, नाहीतर घडीवर विरते. साडूंना हे पटत नाही आणि इथेच त्यांचं शास्त्र लंगडं पडतं. या सैनिकाचं धड आणि पाय आतल्या एका काळ्या रबरी कड्याने जोडलेले असतात. कुणी खेळो न खेळो, वर्षानुवर्षांनी ते रबर वाळतं आणि तुटतं. बाहेरचा सैनिक असेल तर पाठीचा स्क्रू काढून नवं कडं टाकता येतं, काम पाच मिनिटांचं. पाकिटातल्याला कोण हात लावणार? साडूंचा एक वीर असाच फुग्याच्या आत कमरेतून दोन झालाय. पुठ्ठ्याचे चारही कोपरे शाबूत! तो त्यांनी भिंतीकडे तोंड करून ठेवलाय.

नियम पाचवा. पाहुण्यांची पोरं. यांना कपाटाजवळ फिरकू देऊ नये. हा नियम साडूंनीच केला आणि तेच मोडतात. दिवाळीत आमचा धाकटा गेला की खालच्या खणातून दोन-तीन सुटे सैनिक बाहेर येतात आणि दोघं फरशीवर पालथे पडून संध्याकाळपर्यंत लढतात. कारण साडू प्रत्येक सैनिक जोडीने घेतात: एक ठेवायला, एक फोडायला. खर्च दुप्पट. हे घरात कळता कामा नये, असं मला दर वेळी बजावतात. तेव्हा हा अंक मेहुणीकडे जाणार नाही, एवढं संपादकांनी कृपया पाहावं.