पिंजऱ्याविना वाघ : हिंगणीकरांसाठी छायाचित्रण-मार्गदर्शिका

बोर व्याघ्र प्रकल्पाजवळच्या हिंगणीच्या माणसाने वाघाचा फोटो काढायला नागपूरला जावे आणि नागपूरच्या माणसाने त्याच कामासाठी हिंगणीवरून बोरधरणाला यावे, अशी सध्याची व्यवस्था आहे. रविवारी सकाळी दोघांच्या गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडतात. नागपूरकराने जिप्सी, गाईड, प्रवेश असे सगळे पैसे भरलेले असतात आणि दिवसअखेर त्याच्या पदरी चितळे, वानरे आणि ‘सकाळच्या राउंडला होती जी इथंच’ हे वाक्य पडते. हिंगणीकराला नागपूरच्या महाराजबाग प्राणिसंग्रहालयाच्या तिकिटात वाघ हमखास मिळतो. आपला वाघ घराजवळ असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. त्याने कपाशीच्या धुऱ्यावर एकदा तो बघावा. त्या क्षणी कॅमेरा आठवत नाही, घर आठवते.

प्रथम साधने. लेन्स विकत घेऊ नये. लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून ७०-२०० उसनी आणावी. तुळशीचे लग्न लागले की ती मिळणार नाही, म्हणून हा अभ्यास चातुर्मासात करावा. तेव्हा लग्ने बंद, पावसामुळे बोरचा गाभाही बंद. प्राणिसंग्रहालय आणि लेन्स तेवढे मोकळे. परत करताना लेन्सवर शेंगदाण्याची फोलपटे नसावीत.

आता मुख्य विद्या, जाळी नाहीशी करण्याची. नवशिका कठड्यापाशी उभा राहतो, कॅमेरा आपोआप जाळीवर फोकस होतो आणि घरी आल्यावर लोखंडाच्या चौकटींचा अत्यंत स्पष्ट फोटो निघतो, मागे केशरी धुके. यावर उपाय आहे. छिद्र पूर्ण उघडावे, एफ २.८ नाहीतर ४. लेन्स पूर्ण लांब करावी. फोकसचा एकच बिंदू ठेवून तो वाघाच्या डोळ्यावर न्यावा. जाळी लेन्सच्या जितकी जवळ आणि वाघ जाळीपासून जितका दूर, तितकी ती विरघळते. जाळीवर ऊन पडलेले असेल तर ती पांढरी चमकते आणि सगळ्या चित्रावर पिठूळ पडदा येतो. तेव्हा सावलीतली बाजू शोधावी, किंवा सोबतच्या मेहुण्याला छत्री धरून उभे करावे. मेहुण्याचा असा उपयोग इतरत्र क्वचितच होतो.

अडचण एवढीच, की जाळीच्या अलीकडे कठडा असतो आणि तो ओलांडायचा नसतो. हा नियम मला विनोदाचा विषय वाटत नाही. २००७ च्या डिसेंबरात गुवाहाटीच्या प्राणिसंग्रहालयात एका माणसाने जवळून फोटो मिळावा म्हणून गजांतून हात आत घातला होता. तो वाचला नाही. तेव्हा कठड्याच्या अलीकडे थांबून वाघ मागच्या भिंतीकडे जाईपर्यंत वाट पाहावी. ‘ए ए, इकडं बघ’ असे ओरडू नये, शिट्ट्या मारू नयेत, खडे तर नाहीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३८ जे कलमाखाली प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणे, खाऊ घालणे, आवाज करून त्रास देणे हा गुन्हा आहे. वाघ ओरडण्याने बघतही नाही. दिवसभर हजार माणसे त्याला ‘ए’ म्हणतात. त्याने ते नाव अजून स्वीकारलेले नाही.

जाळी गेली म्हणजे जंगल झाले, असे मात्र समजू नये. पार्श्वभूमी तपासणे ही वरची पायरी. सिमेंटचा ओटा, पाण्याचे टाके, रंगवलेली भिंत, ‘प्राण्यांना त्रास देऊ नका’ची पाटी, हे सगळे चौकटीबाहेर ठेवावे. विशेष दक्षता उन्हाळ्यात घ्यावी. पारा पंचेचाळीसकडे सरकला की महाराजबागेत वाघ-बिबट्यांच्या पिंजऱ्यांना हिरवी जाळी आणि कूलर लावतात. हे कृषी महाविद्यालयाच्या ताब्यातले प्राणिसंग्रहालय आहे. विदर्भाचा उन्हाळा काय असतो ते त्यांना शिकवावे लागत नाही. वाघ समाधानाने कूलरसमोर पसरतो, चेहऱ्यावर उत्तम भाव येतो आणि छायाचित्रकार भान हरपतो.

ज्यांना जाळी अजिबात नको त्यांनी नागपूरच्याच गोरेवाड्याला जावे. २६ जानेवारी २०२१ रोजी तिथली सफारी सुरू झाली, तेव्हा राजकुमार नावाचा वाघ होता, बिबटे होते, अस्वले होती. इथे पिंजऱ्यात आपण बसतो, म्हणजे बसमध्ये, आणि वाघ बाहेर हिंडतो. मग जाळीऐवजी काच आडवी येते. काचेत वाघाच्या पोटावर आपलाच चेहरा आणि मागच्या बाकावरच्या काकूंची चिवड्याची पिशवी उमटते. काळा किंवा गडद शर्ट घालावा, लेन्सचे हूड काचेला टेकवून आडवा प्रकाश अडवावा आणि फ्लॅश बंद ठेवावा. इंजिन सुरू असताना काच थरथरते, म्हणून वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाखाली आणू नये. काकूंना काहीही सांगू नये.

पक्ष्यांकडे हिंगणीकराचे लक्ष कमी. पिंजऱ्यातला पक्षी काढणे वाघापेक्षा अवघड, कारण त्याची जाळी बारीक आणि तो हटकून तिलाच बिलगून बसतो. तिथे एफ २.८ काय, नवसही चालत नाही. मोर असेल तर तो पिसारा फुलवून पाठ करतो. त्यापेक्षा बोर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात पहाटे जावे. पाणकावळे पंख वाळवत बसलेले असतात, टिबुकल्या बुडी मारून भलतीकडेच निघतात. वाटेत नीलपंख दिसेल. वर्ध्याने मतदान घेऊन ज्याला शहरपक्षी केले तोच हा, दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात तोही हाच. बसलेला असताना तो मळकट तपकिरी वाटतो. उडाला की निळाई उघडते. म्हणून उडण्याची वाट पाहावी, वेग सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवावा. तो बसतो मात्र विजेच्या तारेवर. म्हणजे पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या तोंडावरची तार लपवायची आणि मोकळ्याच्या पायाखालची. धंदा तोच.

जंगलात गेलेल्यांची कथा यापेक्षा वेगळी असेल असा अनेकांचा समज असतो. बोर २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झाला; १३८ चौरस किलोमीटरचा जीव, घोषणेच्या वेळी देशातला सर्वांत लहान. त्यात कॅटरिना नावाची वाघीण एवढी गाजली की तिच्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून येत. पण ती दिसली की चौकटीत आधी तीन जिप्सी, सात टोप्या आणि कोणाची तरी थर्मासची बाटली येई. तिथेही कारागिरी हीच : माणसे पुसायची. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात जिप्सीवाल्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्हीकडून अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. प्राणिसंग्रहालयात निदान कठडा असतो.

खरे म्हणजे वाघाचे सर्वोत्तम फोटो छायाचित्रकार हजर नसतानाच निघतात. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने १९२० च्या दशकात वाटेवर तार ताणून ठेवली होती. वाघाचा पाय लागला की फ्लॅश उडे. आज तेच काम कॅमेरा ट्रॅप करतात. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजवीकडच्यांशी जुळत नाहीत आणि एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. अशा फोटोंच्या आधाराने २०२२ मध्ये महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्या डब्यांनी एकदाही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘गुड मॉर्निंग’ टाकलेले नाही.

आपण मात्र टाकायचे असते. फोटोखाली कॅमेरा, लेन्स, वेग लिहावा; ठिकाण लिहू नये. ‘कुठला?’ असे कोणी विचारलेच तर गंभीरपणे उत्तर द्यावे : ‘शिकाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून जबाबदार छायाचित्रकार ठिकाण जाहीर करत नाहीत.’ ही खरीखुरी आचारसंहिता आहे आणि महाराजबागेलाही लागू पडते.

धोका फक्त बोरच्या गाईडपासून. ही मुले पट्ट्यांवरून वाघ ओळखतात, कोण कोणाची लेक तेही सांगतात. त्यांतला एखादा ग्रुपमध्ये असेल आणि ‘हा आपल्याकडचा नाही दिसत जी’ असे लिहील, तर डगमगू नये. नवा आहे, आत्ताच कुठून तरी आला आहे, तरुण नर दूरदूर भटकतात, असे शास्त्रीय उत्तर द्यावे. तो ते मान्यही करील.

‘असंन जी. पण भाऊच्या मांगं कूलर काहून लागला आहे?’