साडूची बोट आणि पाच हजार बीटीयू

माझा साडू मूळचा रत्नागिरीचा. त्याच्या घराण्यात भाट्याची खाडी तरीनं ओलांडण्यापलीकडे कुणी जलप्रवास केल्याचं ऐकिवात नाही. पण ह्यूस्टनला स्थायिक झाल्यावर त्याच्यातला दर्यावर्दी जागा झाला आणि त्यानं शिडाची बोट घेतली. कॅटलिना 27. हे मॉडेल 1971 पासून निघालं, हजारोंनी खपलं, आणि आता त्यातल्या म्हाताऱ्या बोटी जुन्या मोटारीच्या भावात मिळतात. ह्यूस्टनच्या आग्नेयेला केमा नावाचं गाव आहे, गॅल्वेस्टनच्या उपसागराच्या काठी. तिथल्या मरीनात ती बांधलेली असते. ‘असते’ म्हणालो, कारण मी तिला फारसं सुटलेलं पाहिलं नाही.

आम्हाला त्यानं ऑगस्टमध्ये बोलावलं. “हॉटेल कशाला? बोटीवरच झोपू,” म्हणाला.

ऑगस्टमध्ये केमाला पारा पस्तीसच्या आसपास असतो आणि हवेत इतकं पाणी असतं की बोट हवेतही तरंगावी. ही बोट फायबरग्लासची. दिवसभर डेक तापतो आणि ती ऊब रात्री खाली केबिनमध्ये हप्त्याहप्त्यानं सोडतो. नांगर टाकून उभी असलेली बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करते आणि पुढच्या हॅचमधून, म्हणजे डेकवरच्या झडपेतून, वारा आत येतो. धक्क्याला बांधलेली बोट मात्र मरीनावाल्यानं जिकडे तोंड करून जागा दिली तिकडेच बघते. साडूच्या बोटीचं तोंड एका उपाहारगृहाच्या मागच्या भिंतीकडे होतं. तळलेल्या कोळंबीचा वास यायचा, वारा नाही.

तेव्हा एसी हवा, यावर एकमत झालं. कुठला, यावर मात्र नाही.

रीतसर उपाय म्हणजे बोटीचा खास एसी. तो समुद्राचं पाणी ओढून स्वतःला गार ठेवतो, पण त्यासाठी बोटीच्या बुडाला भोक पाडावं लागतं. यंत्र आणि मजुरी मिळून काही हजार डॉलर होतात. म्हणजे बोटीच्या किमतीइतके पैसे देऊन बोटीला भोक पाडून घ्यायचं. आमच्यातल्या कुणालाही हा व्यवहार पटला नाही.

माझी बायको आणि मेहुणी नागपूरच्या. मेहुणी म्हणाली, “कूलर लावा ना! आमच्याकडे अख्खा मे निघतो वाळ्याच्या ताट्यांवर.” कूलर कोरड्या हवेत पाणी सोडून गारवा करतो आणि नागपूरची हवा त्या पाण्याला तहानलेली असते, केमाची हवा आधीच ढेकर देऊन बसलेली आहे, हे मी तिला समजावलं. “काहून नाही चालणार, भाऊजी?” म्हणून तिनं तो आणलाच. केबिनमध्ये तापमान तेवढंच राहिलं, फक्त उशा ओल्या झाल्या.

मग थर्माकोलच्या पेटीत बर्फ आणि वर पंखा. हिशोब मी वहीत केला. पाच किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी सगळ्यात छोटा एसी वीस मिनिटांत उपसतो. एसीचा ‘टन’ही बर्फाचाच आहे: चोवीस तासांत एक अमेरिकन टन, म्हणजे 907 किलो बर्फ वितळून जेवढा गारवा मिळेल तेवढा. आणि गंमत बघा, शिडाच्या जहाजांनी हा धंदा कधीच करून ठेवलाय. 1833 मध्ये फ्रेडरिक ट्यूडरचं ‘टस्कनी’ जहाज बोस्टनच्या तळ्यांतला 180 टन बर्फ घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, कलकत्त्याला पोचलं, तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. पुढे हा बर्फ मुंबईलाही येऊ लागला. आमची पेटी तर रात्रीच्या जेवणापर्यंतसुद्धा टिकली नाही.

यानंतर आला तो चाकांचा पोर्टेबल एसी. तीसेक किलोचा. धक्क्यावर तो झकास चालत आला. तिथून बोटीवर आणि बोटीवरून शिडीनं खाली केबिनमध्ये त्याला आम्ही पालखीसारखा नेला. खाली चाकं फिरायला जागा नव्हतीच. तो एका बाकासमोर उभा राहिला आणि ते बाक त्या दिवसापासून बसण्यातून बाद झालं.

खोक्यावर गारव्याचे दोन आकडे होते, बारा हजार बीटीयू (एसी तासाला किती उष्णता उपसतो त्याचं माप) आणि बारीक अक्षरांत साधारण सात हजार. मोठा आकडा जुन्या मापानं, छोटा अमेरिकी सरकारच्या ऊर्जा खात्याच्या मापानं. छोटा खरा मानावा, हे मी आता कुठल्याही समारंभात सांगायला तयार आहे. एका नळीचा हा एसी खोलीतलीच गार केलेली हवा थोडी ओढून घेतो, तिच्यावर आपली गरमी लादतो आणि नळीतून बाहेर फेकतो. बाहेर गेलेल्या हवेची जागा फटींतून आत येणारी बाहेरची गरम हवा घेते. घरात या फटी दाराखिडक्यांच्या असतात. बोटीत त्या तळातल्या पोकळीच्या असतात, जिथे वर्षानुवर्षांचं डिझेल, खारं पाणी आणि पूर्वीच्या मालकाच्या काही आठवणी साठलेल्या होत्या. तो सगळा दरवळ मशीननं निष्ठेनं केबिनमध्ये ओढून आणला. शिवाय बाहेर जाणारी ती जाडजूड नळी स्वतःच हीटर बनली होती. साडू तिला टॉवेल गुंडाळत बसला.

अखेर जो उपाय लागू पडला तो सगळ्यात स्वस्त होता: पाच हजार बीटीयूचा खिडकीचा एसी, दोनशे डॉलरच्या आत. वीज लागते पाचशे वॅटच्या आसपास, आणि मरीनाच्या खांबावरून येणाऱ्या तीस अँपिअरच्या पिवळ्या वायरीला ते किरकोळ आहे. बोटीच्या बॅटरीवर मात्र तो चालवू नये. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतली निम्मीच वीज काढायची असते, आणि ती जेमतेम तासभर पुरते. जनरेटरचं नाव काढाल तर तो बंद केबिनजवळ लावून झोपू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. हे विनोदानं सांगत नाही.

हा एसी बोटीच्या दारात बसवला. दाराच्या फळ्या काढल्या, त्या जागी प्लायवूडला भोक पाडून त्यात मशीन, गरम बाजू बाहेर. केबिन गार झाली! पांघरूण मागावं लागलं. फक्त बोटीचं दार बंद झालं होतं. मध्यरात्री मला बाहेर जायची निकड निर्माण झाली (बोटीतला संडास फक्त संकटकाळी वापरायचा, असा साडूचा कायदा), तेव्हा पुढची हॅच हाच एक मार्ग उरला. हॅच सडपातळ माणसांसाठी बनवलेली असते. बायकोनं खालून ढकललं. मी लेंग्यानिशी अर्धा आकाशात, अर्धा टेक्ससमध्ये असा असताना शेजारच्या बोटीवर बिअर पीत बसलेल्या आजोबांनी हात वर करून शुभरात्री म्हटलं. मीही म्हटलं. शिष्टाचार कुठेही सुटता कामा नये.

दुसऱ्या दिवशी मशीन हॅचवर गेलं आणि दार मोकळं झालं. साडूनं शिडाच्या आडव्या दांड्यावरून पांढरी ताडपत्री टाकून डेकवर मांडव घातला. या मांडवानं काम निम्मं केलं असं माझं मत आहे. उन्हाला आत येऊच दिलं नाही, तर त्याला बाहेर काढायला कमी वीज लागते. कुठलाही एसी घेण्याआधी मांडव घालावा.

आता बोट झकास गार असते. पण हॅचवर मशीन, खांबाला वायर, आणि ज्या दांड्याला शीड लावायचं त्यावर ताडपत्री. शीड उभारायचं तर आधी सगळा संसार आवरावा लागतो. साडू शनिवारी येतो, एसी लावतो, आत बसून नौकानयनावरचे व्हिडिओ बघतो आणि रविवारी संध्याकाळी समाधानानं घरी जातो. एकदा माझ्या हट्टाखातर त्यानं बोट सोडली. उपसागरात शिरलो, शीड भरलं, आणि इतका वारा सुटला की एसीचं नावही कुणाला आठवलं नाही. परत आल्यावर त्यानं आधी वायर जोडली.

तुमचंही कुणी केमाला बोट घेऊन बसलं असेल आणि बोलावत असेल, तर जरूर जा. फक्त तिकीट नोव्हेंबरचं काढा. तेव्हा हवा बरी असते, हॅच उघडी असते, आणि साडूला बोट सोडायला लावता येते.