होम? शी! प्रो टाका, प्रो!

ऐकलंत का? कागलात कुणीतरी लॅपटॉपवर विंडोज होम ठेवलं म्हणे. चोरून नाही, राजरोस! दुकानदारानं चार माणसांदेखत विचारलं, "होम असू दे का प्रो टाकू?" आणि हा गडी म्हणाला, "होम चालतंय की." चालतंय? ज्या गावाची एमआयडीसीसुद्धा साधी नाही, पंचतारांकित आहे, तिथल्या माणसानं होमवर भागवायचं? लाज, शरम, कोल्हापुरी बाणा, काही शिल्लक आहे की नाही?

आता गावात दुसरा विषयच नाही. कागल म्हणजे राजकारणाचं विद्यापीठ. मुश्रीफ गट, मंडलिक गट, आणि घाटगे गट तर एक सोडून दोन! गटाशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. मग विंडोजच तेवढं बिनविरोध कसं होऊ द्यायचं? होमवाले एका कट्ट्यावर, प्रोवाले दुसऱ्या. वरून होम आणि आतून प्रोचं काम करणारेही आहेतच. शिवाय पक्षांतर केवढं सोपं! होममधून प्रोमध्ये जायला नवी की टाकायची, मशीन एकदा बंद-चालू करायचं, झाला प्रवेश. माघारी यायचं म्हटलं की मात्र नव्यानं विंडोज मारावं लागतं. म्हणून तर माघारी कुणी येत नाही. नाक वर करून हिंडतात नुसते!

हे खूळ आजचं नाही म्हणा. २००१ साली एक्सपी आलं तेव्हाच होम आणि प्रोफेशनल अशी जातवारी सुरू झाली. त्यातच गरिबांसाठी म्हणून स्टार्टर काढलं. त्यात एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे, चौथ्याला बंदी! सेव्हनच्या स्टार्टरनं तर कहरच केला. वॉलपेपर बदलायची सोय नाही! अहो, स्वतःच्या पडद्यावर स्वतःच्या बैलजोडीचा फोटो लावता येत नसेल तर कॉम्प्युटर घेतला कशाला? मग गावानं एकमुखानं निर्णय केला: अल्टिमेट. सगळ्यात महागडी आवृत्ती ती. पण झेरॉक्सवाला अल्टिमेट, पतपेढी अल्टिमेट, बारावीतला पोरगा अल्टिमेट. विकत कुणी घेतलं होतं, असले खवचट प्रश्न विचारू नयेत. दुकानदाराच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक पेनड्राइव्ह होता, त्यानं अख्ख्या तालुक्याला अल्टिमेट केलं. आणि त्या अल्टिमेटवर आपण काय करायचो? पत्ते खेळायचो. सॉलिटेअर!

आता प्रो घेऊन तरी काय दिवे लावतात, बघा. एका पठ्ठ्याचं म्हणणं, होम १२८ जीबीच्या वर रॅम घेत नाही, प्रो २ टीबीपर्यंत जातंय. खरं आहे. ह्याच्या मशीनमध्ये रॅम किती? आठ! दुसऱ्याला हायपर-व्ही पाहिजे, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर. आधी बाहेरचा तरी धड चालू दे की! तिसऱ्याला रिमोट डेस्कटॉप हवा, घरात बसून दुकानातलं मशीन चालवायला. दुकान घराच्या खालीच आहे. मधे जिन्याच्या अकरा पायऱ्या.

सगळ्यात रंगतदार तऱ्हा लग्नाचे फोटो काढणाऱ्याची. ह्यानं प्रो घेतलं ते खास बिटलॉकरसाठी. अख्खी हार्डडिस्क कुलूपबंद, पासवर्ड टाकल्याशिवाय उघडायचंच नाही! वर ४८ आकडी रिकव्हरी की मिळते, ती जपून ठेवायची. ह्यानं जपली. उसाच्या वजनाच्या पावतीमागं बॉलपेनानं लिहून शर्टाच्या खिशात. शर्ट धुण्यात गेला, इकडं हा पासवर्ड विसरला. आता त्या डिस्कवर तालुक्यातल्या निम्म्या नवरदेवांच्या वराती बंद आहेत आणि नवऱ्यामुलींचे वडील दुकानासमोर उभे! एवढं होऊनही गडी म्हणतो कसा, "सिक्युरिटीला तोड न्हाई, भावा."

आणि त्यात १४ ऑक्टोबर २०२५ उजाडला. टेनचा नेहमीचा पाठिंबा बंद. अकरा घ्या! पण अकरा कुणालाही घरात घेत नाही. टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पाहिजे, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर पाहिजे. सोयरिकीत एवढी चौकशी होत नाही हो! चहाच्या गाड्यावर माणसं खुशाली विचारायची सोडून "टीपीएम हाय का?" विचारायला लागली. ज्यांच्यात नव्हतं त्यांचा एक वेगळाच पंथ निघाला, एलटीएससी पंथ. मुळात एटीएमसारख्या एकाच कामाच्या यंत्रांसाठी काढलेलं टेन, आयओटी एंटरप्राइझ एलटीएससी २०२१, त्याला जानेवारी २०३२ पर्यंत अपडेट. हे एवढं लांबलचक नाव भक्त एका दमात घेतात, कुलदैवताचं घेताना अडखळतील. एटीएमचं विंडोज घरच्या मशीनवर! नोटा तेवढ्या बाहेर पडायच्या राहिल्यात.

लिनक्सवालेही आहेत दोन-चार. फुकट असूनही कुणी घेत नाही, ह्याचं त्यांना वाईट वाटतं. फुकट आहे म्हणूनच घेत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

आपण आपले हसतोय. पण मला सांगा, हे वाचता वाचता विंडोजचं बटण आणि आर दाबून, 'विनव्हर' टाइप करून, गुपचूप बघितलंतच ना? काय निघालं? होम सिंगल लँग्वेज? अरे देवा! पलीकडं निपाणी, सकाळी मराठीत भांडायचं, दुपारी कन्नडात बाजार करायचा, आणि तुमच्या विंडोजला भाषा एकच? हळू बोला. पलीकडच्या टेबलावर प्रोवाले बसलेत. आणि हो, त्यांच्या पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं फिकट अक्षरांत काय आलंय, ते जरा वाकून वाचा की.