पाहुण्याचं नाव-गाव

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूला रेल्वेने जायचं तर तिकीट ‘सेलू रोड’चं काढावं लागतं; नुसतं सेलू म्हटलं की ते परभणी जिल्ह्यातलं निघतं. नाव फसवं असतं हे प्रवाशाला स्टेशनावरच कळतं. एखादं वेब ॲप्लिकेशन मात्र दारात आलेल्या पाहुण्याला आधी नाव-गाव विचारतं, मग पाणी. समजा, सेलूतला एक शेतकरी मोबाइलवर कापसाच्या नोंदणीचं पान उघडतो. सर्व्हरला दिसतो नुसता आयपी क्रमांक. तो क्रमांक उलटा मांडून, मागे इन-ॲडर.आर्पा जोडून सर्व्हर डीएनएसला विचारतो, ‘हे कोण?’ ‘माहीत नाही’ असं लगेच कळलं तर ठीक. पण उत्तरच आलं नाही, तर लिनक्स मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ सेकंद वाट बघतो, पुन्हा विचारतो, पुन्हा ५ सेकंद. दुसरा नेमसर्व्हर असेल तर तिथेही तेवढीच तपश्चर्या. तोवर पडद्यावर चक्र फिरतंय आणि शेतकरी बिचाऱ्या टॉवरला शिव्या घालतोय.

बरं, एवढं करून हाती काय लागतं? नावाची ती पीटीआर नोंद क्रमांकाच्या मालकाच्या हातात, म्हणजे मोबाइल कंपनीच्या. नाव मिळालंच तर बहुधा तेच आकडे, मध्ये आडव्या रेघा मारलेले! शिवाय एका क्रमांकाआड अनेक ग्राहक असतात. प्रत्येकाला हा उशीर नको म्हणून अपाची वेब सर्व्हरने १.३ आवृत्तीपासून नावं शोधण्याचं हे सेटिंग, होस्टनेमलुकअप्स, मुळातच बंद ठेवलं. जावा ॲप्लिकेशन चालवणाऱ्या टॉमकॅटला ही अक्कल सातव्या आवृत्तीत आली. तेव्हा पाहुण्याचं नाव विचारणाऱ्या गेट-रिमोट-होस्टमधून नावाऐवजी आकडा आला, तर तो बिघाड नव्हे. सगळ्यांचा एकच आकडा येत असेल, तर मात्र मध्ये बसलेला प्रॉक्सी तपासा.

सुरक्षेचं काय, असं कुणी विचारील. पण स्वतःच्या क्रमांकापुढे कुणीही ‘गूगल’ लिहू शकतो. म्हणून मिळालेल्या नावावरून पुन्हा क्रमांक काढून ताळा करावा लागतो. गूगलही आपला बॉट असाच ओळखायला सांगतं. ते संशयितापुरतं ठीक, प्रत्येकाला का वेठीला धरायचं? कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कची गोष्ट वेगळी. तिथे डीएनएस आपल्याच ताब्यात, उलट्या नोंदी नीट भरल्या की खुशाल नावं विचारा. बाहेरच्यांसाठी लॉगमध्ये आकडा लिहून मोकळं व्हावं. नावांची हौस असेलच तर रात्री लॉगमधल्या आकड्यांची नावं शोधणारं लॉगरिझॉल्व्ह चालवा. अपाचीबरोबर ते फुकटच येतं.