पन्नास चौरस फुटांतलं खटलं

आमच्या स्वयंपाकघरात एका वेळी दोनच गोष्टी मावतात: एक बाई आणि तिचं मत. दुसरी बाई आली की मतं दोन होतात आणि जागा तेवढीच राहते. घरात आई आहे, बायको आहे आणि कॉलेजात गेल्यापासून मुलगीही मतं बाळगू लागली आहे. मी पाणी प्यायला डोकावलो तर "अहो, तुम्हाला बरोबर आत्ताच कशी तहान लागते?" असं बायको विचारते. त्यामुळे मी तहान दुपारी तीनच्या सुमारास लावून घेतो. त्या वेळी आत फक्त मांजर असतं आणि तेही आमचं नाही.

ठाण्यात नौपाड्यात ऐंशीच्या दशकात बांधलेली, लिफ्ट नसलेली इमारत. तिसरा मजला. एक हॉल, एक बेडरूम आणि हे. बिल्डरने नकाशात ओटा, सिंक आणि दार एवढंच काढलं होतं आणि उरलेली जागा पांढरी सोडली होती. त्या पांढऱ्या जागेवर भाळून बाबांनी सही केली, असं आई सांगते. त्यांना स्वतःला चहासुद्धा करता येत नव्हता, त्यामुळे ती जागा त्यांना शेवटपर्यंत पुरली.

तक्रार करावी तर सरकारही बिल्डरच्या बाजूचं. राष्ट्रीय इमारत संहिता म्हणते, जेवायची जागा वेगळी असेल तर स्वयंपाकघर किमान पाच चौरस मीटरचं असावं आणि रुंदी १.८ मीटरपेक्षा कमी नसावी. म्हणजे साधारण ५४ चौरस फूट. मी टेप लावून मोजलं. आमचं नियमात बसतं. पास व्हायला पस्तीस लागतात तिथे छत्तीस मिळवणाऱ्या मुलासारखं. शिवाय कोठीघर वेगळं असेल तर साडेचार चौरस मीटरही चालतात म्हणे. कोठीघर वेगळं असलेल्या माणसाचं स्वयंपाकघर लहान का असेल, हे मला अजून उमगलेलं नाही. आणि आताच्या नव्या घरांच्या कार्पेट एरियात रेरा कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे आतल्या भिंतींची जाडीही धरतात. हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्या भिंतीत वरणाचं पातेलं ठेवून दाखवा म्हणावं."

फ्रीज हॉलमध्ये, टीव्हीशेजारी. तांदूळ बेडरूममध्ये, पलंगाखाली. त्यामुळे आमच्याकडे भात लावायचा तर झोपलेल्या माणसाला उठवावं लागतं. कणीक हॉलमध्ये मळली जाते आणि बातम्यांमध्ये सरकार पडायला आलं की घट्ट होते. ओट्यापाशी जी उभी असेल तिने वळायच्या आधी "गरम आहेऽऽ" असं ओरडायचं, हा घरातला एकमेव कायदा सगळे पाळतात. बायको आता ऑफिसातही हातात काही नसताना वळताना ओरडते.

हे लहान स्वयंपाकघर फक्त आपल्याच वाट्याला आलं असंही नाही. १९२६ मध्ये फ्रँकफुर्टला मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी साध्या माणसांच्या घरांसाठी एक चिमुकलं स्वयंपाकघर आखलं होतं. सुमारे १.९ मीटर रुंद, ३.४ मीटर लांब. बाईची पावलं वाचावीत म्हणून त्यांनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे ठेवलं होतं. तशी हजारो बांधली गेली. मी हे बायकोला कौतुकाने वाचून दाखवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "त्यात सासू कुठे उभी राहायची?"

लहान घरात हळू आवाज असा नसतोच. "दारात," आईचा आवाज आला. "सासू दारात उभी राहते. मी नाही का उभी?" ती खरोखरच दारात उभी होती.

त्या फ्रँकफुर्टच्या स्वयंपाकघरात तांदूळ, साखर यांचे अॅल्युमिनियमचे खण होते आणि प्रत्येकावर आतल्या जिनसाचं नाव होतं. आमच्याकडेही डब्यांवर नावं आहेत, फक्त ती आतल्या जिनसाची नाहीत. ती माणसांची आहेत, आणि इथेच संहितेचं गणित चुकतं. संहिता माणूस आणि शेगडी धरून हिशेब करते. आमच्या स्वयंपाकघरात मात्र अख्खं खटलं राहतं, आणि त्यातल्या निम्म्या जणांना मी कधी पाहिलेलंही नाही.

स्टीलच्या भांड्यावर नाव घालणं ही काय चीज आहे, हे आजच्या मुलांना सांगून कळणार नाही. साठ-सत्तरच्या दशकात घराघरांतून पितळ्या आणि तांबी मोडीत गेली, कल्हईवाल्याचा नवसागराचा धूर गल्लीतून नाहीसा झाला आणि स्टील आलं. त्याला गंज नाही, कल्हई नाही, चिंच लावून घासणं नाही, फुटणं तर नाहीच. लग्नाला, मुंजीला, बारशाला, डोहाळजेवणाला स्टीलच द्यायचं. दुकानदार भांडं कागदात गुंडाळायच्या आधी विचारायचा, "नाव काय घालू?" आणि मग ते कर्रर्र करणारं यंत्र घेऊन टिंबाटिंबांनी 'काका-काकूंकडून सप्रेम भेट, सोलापूर' असं उमटवायचा. गर्दीच्या लग्नसराईत त्याचं व्याकरण ढळायचं. आमच्याकडे एका परातीवर 'सप्रेम'ऐवजी 'सप्रम' आहे. त्या मात्रेवरून पुण्याची आत्या आणि आई यांच्यात काही वर्षं बोलणं नव्हतं, अशी वदंता आहे.

माझ्या मुलीला अक्षरओळख पुस्तकाआधी डब्यांवरून झाली. तिला सोलापूर, चिपळूण, बार्शी ही गावं नकाशात सापडत नाहीत, पण फळीवर कुठे आहेत ते अचूक सांगता येतं. सोलापूर वरच्या फळीवर, डाळींचं. बार्शी खाली, पोह्यांचं. चिपळूणच्या मावशीचा डबा अर्थातच कोकमांचा. त्यातही आईच्या रुखवतातलं वेगळं, बायकोच्या रुखवतातलं वेगळं, आणि दोन्ही गट एका फळीवर ठेवायचे नाहीत हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. याशिवाय बोहारणीने दिलेलं. माझ्या शाळेच्या दोन पँटी, बाबांचा कोट आणि एक जरीची साडी यांच्या बदल्यात आलेलं पिंप अजून आहे. आई त्याला 'कोटाचं पिंप' म्हणते. कोट नवा होता आणि बाबा त्या वेळी ऑफिसात होते, एवढंच मला ठाऊक आहे.

आणि एक मोठी पातेली आहे. तिच्यावर 'वि. ग. कु., १९७४' असं आहे. हे वि. ग. कु. कोण, हे आमच्या घराण्यात कुणालाही माहीत नाही. कुठल्यातरी कार्यात भांड्यांची अदलाबदल झाली असणार. ही पातेली आमच्या कुठल्याच शेगडीवर नीट बसत नाही, कुठल्याच फळीवर मावत नाही आणि कुणालाच टाकवत नाही. "लोकांची वस्तू आहे," आई म्हणते. "उद्या मागायला आले तर?" पन्नास वर्षांत कुणी आलं नाही हे खरं, पण म्हणून काय झालं? तिकडे वि. ग. कुं.च्याही घरी आमच्या आजोबांच्या नावाची एक पातेली असेल, आणि तीसुद्धा वाटेतच असेल.

यावर डब्यांचा व्यवहार. रिकामा डबा परत करायचा नाही, हा नियम ज्याने घातला त्याचं स्वतःचं स्वयंपाकघर वाड्यातलं असणार. शेजारच्या वहिनी चिवडा देतात. चिवडा दोन दिवसांत संपतो, पण डबा राहतो, कारण त्यात घालून द्यायला तोलामोलाचं काहीतरी व्हावं लागतं. ते झालं की आपण डबा भरून देतो, आणि त्याच वेळी वहिनी आपला मागचा डबा भरून देतात. म्हणजे येणं-जाणं सारखंच. जागा मात्र दोघींच्याही घरात नाही.

एवढं असूनही आमच्या आयुष्यात एकदा सुवर्णकाळ आला होता. इमारतीत पाइपचा गॅस आला आणि दोन्ही सिलेंडर गेले. १४.२ किलो गॅस आणि वर लोखंडाचं वजन, असा जवळजवळ तीस किलोंचा ऐवज तीन जिने चढवून आणणारा माणूस दर वेळी आमच्या दारात जे बोलायचा, ते आता ऐकायला मिळणार नव्हतं. पण खरी गोष्ट ती नव्हे. ओट्याखाली दोन सिलेंडरांची जागा रिकामी झाली! तिथली फरशी मूळची हिरवट आहे हे घरात पहिल्यांदाच कळलं. रात्री जेवणं झाल्यावर आम्ही सगळे ओळीने वाकून ती जागा बघून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दावे दाखल झाले. आईचं म्हणणं, तांदळाची कोठी पलंगाखालून हलवून तिच्या हक्काच्या ठिकाणी आणावी. बायकोचं म्हणणं, मिक्सर रोज वाकून काढावा लागतो, तो तरी माणसात आणावा. म्हणजे वर ओट्यावर घ्यावा आणि ओट्यावरचं खाली जावं. मुलीला तिथे एअर फ्रायर हवा होता, जो अजून घेतलेलाच नव्हता. तिचा मुद्दा असा की जागा आहे तर वस्तू घेता येईल. असा विचार करणाऱ्या माणसांमुळेच बिल्डर श्रीमंत होतात, पण मी बोललो नाही. मला स्वतःला तिथे रद्दी ठेवायची होती.

तह होईना. चर्चा तीन-चार दिवस चालली. भात नरम व्हायला लागला, आमटीत मीठ कधी दोनदा तर कधी मुळीच नाही. आणि अशा ऐन वेळी चिंचवडहून ताईचा फोन आला. ती घर बदलत होती. नव्या जागेत फर्निचरचं काम चालू. "आई, माझं मोदकपात्र, पुरणयंत्र आणि दोन मोठे टोप तुझ्याकडे ठेवू का? दोनच महिने."

भारताची अर्धी मालमत्ता दोनच महिन्यांसाठी कुणाकडे तरी ठेवलेली आहे. ताईचं सामान आलं, ओट्याखाली बसलं, अगदी मापाने शिवल्यासारखं. मध्ये गणपती येऊन गेले, ताई आली, त्याच मोदकपात्रातले मोदक खाऊन परत गेली. जाताना म्हणाली, "इथे काय छान राहिलंय गं सगळं."

शेवटी मुलीने पुढाकार घेतला. माळ्यावरून एकेक वस्तू खाली काढून, जी वर्षभरात वापरली नाही ती द्यायची, असा तिने फतवा काढला. पहिली वस्तू निघाली वातीचा स्टोव्ह.

"आजी, याला रॉकेल लागतं. ते मिळतं कुठे आता?"

"म्हणूनच ठेवलाय. मिळायला लागलं तर स्टोव्ह कुठून आणणार?"

या युक्तिवादापुढे कॉलेजचं शिक्षण टिकलं नाही. स्टोव्ह पुसून पुन्हा वर गेला आणि जाताना सोबत खालचं एक सुपल्यांचं जोडपं घेऊन गेला.

मग बायकोच्या मैत्रिणीच्या ओळखीचा एक इंटिरिअर करणारा मुलगा आला. लाल ठिपक्याच्या यंत्राने त्याने चार भिंती चार सेकंदांत मोजल्या. इतक्या कमी वेळात काम आटोपलं याचं आईला वाईट वाटलं. तिने त्याला चहा दिला. तो म्हणाला, ट्रॉल्या बसतील, वर कपाटं होतील, कोपऱ्यात गोल फिरणारं मांडणीसारखं काहीतरी येईल. "फक्त आजी, एक तृतीयांश सामान कमी करावं लागेल."

"कुणाचं?"

"तुमचंच."

"माझं?" आई खरंच आश्चर्याने म्हणाली. तिने ओट्यावरून नजर फिरवली, फळ्यांवरून फिरवली. "माझं यात एक ते लाटणं आहे."

मुलगा हुशार होता. तो फळ्यांवरची नावं वाचू लागला. सोलापूरच्या काकू कोण, बार्शीचे कोण, असं विचारू लागला. आईला एवढा चांगला श्रोता कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. वि. ग. कुं.चा विषय निघेपर्यंत दुसरा चहा झाला. दिवाळी जवळ आली होती, पहिल्या घाण्याच्या चकल्या तयार होत्या. त्याला रिकाम्या हाताने पाठवणं शक्यच नव्हतं. बायकोने चपळाईने चिपळूणच्या मावशीचा डबा रिकामा केला, कोकमं पिशवीत भरली आणि डबा चकल्या घालून त्याच्या हातात दिला. तो जिना उतरल्यावर मला म्हणाली, "बघा, एक तरी कमी झाला."

आठवड्याने तो नकाशा घेऊन आला. चिपळूणच्या डब्यात त्याच्या आईने अनारसे घातले होते. शिवाय पिशवीत आणखी एक डबा होता, चांगला बरणीएवढा. "माझ्या आजीने लिंबाचं लोणचं दिलंय," तो म्हणाला. "डब्याची घाई नाही म्हणाली."

नकाशा टेबलावर तसाच गुंडाळलेला राहिला. आईने डबा आधी तिरका करून कडेचं नाव वाचलं. "साताऱ्याकडचे दिसतात," असं म्हणून तिने तो बायकोच्या हाती दिला आणि बायकोने मिक्सर दोन बोटं डावीकडे सरकवला.