रा. रा. इन्स्टॉलरसाहेबांस अनावृत पत्र

रा. रा. इन्स्टॉलरसाहेब यांसी,

स. न. वि. वि. पत्रास कारण की, गेल्या रविवारी आपण माझ्या लॅपटॉपवर पुन्हा पायधूळ झाडलीत. बोलावलं मीच होतं. आपली विंडोज उघडेपर्यंत चहा उकळून निवायला लागला, म्हणून सी ड्राइव्ह पुसून ती नव्याने टाकायचं ठरवलं. शेजारच्या पार्टिशनवर उबुंटू नांदते आहे, हे आपल्याला दिसत होतं. यादीत तिची जागा आपणच मला दाखवलीत. नाव मात्र घेतलं नाहीत, नुसता क्रमांक सांगितलात.

अर्ध्या तासाने लॅपटॉप रीस्टार्ट झाला आणि सरळ आपल्याच दारात जाऊन उभा राहिला. एरवी ग्रबचा काळा पडदा यायचा, दोन्ही बिऱ्हाडांची नावं दाखवून दहा सेकंद वाट बघायचा. तो आलाच नाही. सोमवारी द्यायचं भाषांतर उबुंटूत अडकलेलं. दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो जांभई देत म्हणाला, "सगळं फॉरमॅट मारावं लागेल. डेटाची गॅरंटी नाही."

साहेब, आपली ही सवय जुनी. बायोसच्या जमान्यात डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे ५१२ बाइटांची खोली. त्यातले ६४ पार्टिशनच्या नोंदींना, शेवटचे २ सहीला. बूट करून देणाऱ्या दरवानाला उरायचे ४४६. तिथे दोघं मावणं शक्यच नव्हतं. आपण आलात की ग्रबची वळकटी बाहेर. मी चडफडायचो, पण समजूनही घ्यायचो. जागाच नाही तर कोण काय करणार?

आता बायोसच्या जागी युईएफआय आलं. बूटसाठी फॅट३२चं वेगळं पार्टिशन असतं, माझ्याकडे १०० एमबीचं. त्यात आपलं फोल्डर आणि शेजारी उबुंटूचं. लॅपटॉप सुरू होताना मी एफ-१२ दाबलं, तर बूटच्या यादीत उबुंटू होती! दुसऱ्या क्रमांकावर, अंग चोरून. तिच्या एकाही फाइलला आपण हात लावला नव्हता. मदरबोर्डच्या मेमरीत जी क्रमवारी असते, तिच्यात फक्त स्वतःचं नाव वर नेऊन ठेवलंत. मी सेटअपमध्ये जाऊन ते खाली आणलं. दोन मिनिटं लागली. तेव्हा जागेची सबब आता सांगू नका. ही नुसती खोड आहे.

एका मित्राने मात्र त्याच्या लॅपटॉपवरचं असंच १०० एमबीचं पार्टिशन किरकोळ समजून स्वतःच्या हाताने डिलीट केलं. तो दोष त्याचा, आपल्या माथी मारत नाही. त्याला उबुंटूचा पेनड्राइव्ह लावून, तोही युईएफआय मोडमध्येच सुरू करून, सीएचरूटने आत शिरून ग्रब नव्याने बसवावा लागला. एवढं करूनही उबुंटू दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जायची. एफस्टॅब फाइलमध्ये जुन्या पार्टिशनचा यूयूआयडी तसाच राहिला होता. गेलेल्या माणसाच्या नावाने पत्रं येत राहावीत, तसं. तो बदलला तेव्हा कुठे ती नांदू लागली.

आमचा ग्रबही काही संतमहात्मा नाही. २.०६ आवृत्तीपासून तो शेजारच्या सिस्टीम आपणहून शोधत नाही. सेटिंगमध्ये तशी परवानगी लिहून द्यावी लागते. पण 'शोधणार नाही' असं तो स्क्रीनवर निदान सांगतो तरी.

आपण तर विचारण्यात पटाईत. देश कोणता विचारता, कीबोर्ड कोणता विचारता, वर दुसरा कीबोर्ड हवा का हेही विचारता. त्याच ओघात एक चौकट आणखी उघडा: 'या डिस्कवर दुसरं कोणी राहतं का? त्यांचं नाव वर राहू दे की माझं?' दोन बटणं पुरतील.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
दोन बिऱ्हाडांचा एक घरमालक

ता. क. : हे पत्र आपल्याच बिऱ्हाडात बसून टाइप केलं आहे. उबुंटू मदरबोर्डच्या घड्याळात युटीसी लावून जाते आणि आपण तीच वेळ स्थानिक समजून वाचता. इथे आत्ता सकाळचे दहा वाजलेत. आपल्या पडद्यावर पहाटेचे साडेचार.