फुटली का?

आमच्या पेठेत कुणाला साखर निघाली की घरच्यांच्या आधी आबांना कळतं. गुळाच्या गावात ही बातमी काही नवी नाही, पण आबा ती ऐकून खुलतात. दुसऱ्या दिवशी दुधाच्या रिकाम्या पिशवीत काडी खोचून दारात हजर!

आबा एसटीत वाहक होते. उभी नोकरी गगनबावडा, राधानगरी मार्गावर. प्रवासी विसरले, पण कुठल्या वळणावर निर्गुडी आणि कुठल्या बांधावर अडुळसा, ते अजून तोंडपाठ. खिशात आता छाटणीची कात्री. लग्नाला गेले तरी अक्षता टाकून मांडवामागच्या कुंपणाकडे वळतात. "पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब, तीन-चार डोळे पायजेत. खाली तिरका काप, वर सरळ. म्हंजे उलटी लागत न्हाई." एवढं सांगूनही शेजाऱ्यांनी अडुळसा उलटाच लावला. आबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

गुळवेलीचं त्यांना कौतुक नाही. ती तोडून खिळ्याला टांगली तरी हवेत मुळं सोडते. उगाच नाही तिला अमृता म्हणत. "तिला लावायला अक्कल लागत न्हाई." आबांचा जीव सप्तरंगीवर. घाटातली वेल, मधुमेहावर नावाजलेली, पण औषध मुळात. लोक कुदळ घेऊन जातात, अक्षरशः तिच्या मुळावर उठतात. नरक्याचंही तसंच झालं. ज्यापासून कर्करोगावरची औषधं बनतात ते कॅम्प्टोथेसिन १९७२ साली त्यात सापडलं, आणि पुढं सह्याद्रीत झाडंच्या झाडं आडवी झाली. हे द्रव्य जगात पहिल्यांदा शोधणाऱ्यांतले मनसुख वाणी मूळचे नंदुरबारचे. हे सांगताना आबांची छाती अशी फुगते, जणू वाणीसाहेबांचं अमेरिकेचं तिकीट यांनीच फाडलं होतं.

म्हणून काडी. रानातली वेल रानात राहू दे, परसात लावा, हवं तर तिथं खणा. बरोबरच आहे, फक्त सप्तरंगीला ते कुणी सांगितलेलं नाही. मुळासाठी जिचा जीव घेतात, तिच्या काडीला नेमकं मूळच फुटता फुटत नाही. मुळं फुटायच्या पावडरीत बुडवा, सावली द्या, ओल धरा आणि वाट बघत बसा.

मला साखर निघाली जूनमध्ये. तेव्हापासून रोज सकाळी सातला फोन : "फुटली का?" महिन्याभरानं माझाच धीर सुटला. काडी उपटून पाहिली, परत खोचली. संध्याकाळी आबांनी मातीवरून ओळखलं.

"उपटलीस न्हवं?"

"नुसतं बघितलं, आबा."

"झोपलेल्या माणसाचं पांघरूण ओढून 'झोप लागली काय' म्हणून इचारतोस व्हय?"

आता काडीला एक पान आलंय. खाली मूळ आहे की नाही, देव जाणे. दिवाळीत आम्ही आठ दिवस गावाला चाललोय. पाणी घालायला कुणी तयार असेल तर जरूर कळवा. सकाळी सातचा फोन मात्र घ्यावा लागेल.